बेनिन : बंदर, कापूस, काजू आणि थोरला शेजारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

काजू बियांच्या खरेदीसाठी दोन हंगाम बेनिनमध्ये काढले. तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कुणी तिकडे निघालं की फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

बेनिन नक्की कुठे आला?

आफ्रिकेच्या पश्चिमेचा जो फुगवटा आहे, त्याच्या खालच्या अंगाला, गिनीच्या आखातावर. पूर्वेला नायजेरिया, पश्चिमेला टोगो, डोक्यावर बुर्किना फासो आणि नायजर. देश उभा आणि निमुळता आहे. दक्षिणोत्तर सुमारे ७०० किलोमीटर, किनारा मात्र जेमतेम १२१ किलोमीटर. योगायोग असा की आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनाराही १२१ किलोमीटरचाच सांगतात. क्षेत्रफळ १ लाख १४ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. २०१३ च्या जनगणनेत लोकसंख्या १ कोटी भरली होती, आता ती १ कोटी ४० लाखांच्या घरात गेली आहे.

नायजेरियातलं बेनिन सिटी ते हेच का?

नाही, आणि हा घोळ जवळजवळ प्रत्येकाचा होतो. ज्या बेनिन राज्याच्या पितळी मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत आहेत ते आजच्या नायजेरियात. या देशाचं जुनं नाव डाहोमे. आबोमे इथे राजधानी असलेलं ते एक बलाढ्य राज्य होतं. स्त्री-सैनिकांच्या पलटणीसाठी त्याचा लौकिक होता आणि गुलामांच्या व्यापारासाठी कुप्रसिद्धीही. उइदा बंदरातून लाखो माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपार गेली. १८९० च्या दशकात फ्रेंचांनी बेहान्झिन राजाचा पराभव करून मुलूख ताब्यात घेतला. १ ऑगस्ट १९६० ला स्वातंत्र्य मिळालं. १९७५ मध्ये मात्यू केरेकू यांच्या मार्क्सवादी लष्करी राजवटीनं 'डाहोमे' पुसून 'बेनिन' केलं, कारण डाहोमे हे एकाच प्रांताचं नाव होतं. नवं नाव समोरच्या बेनिनच्या उपसागरावरून घेतलं.

राजधानी कोटोनू की पोर्तो-नोवो?

कागदावर पोर्तो-नोवो, व्यवहारात कोटोनू. संसद पोर्तो-नोवोत भरते. राष्ट्राध्यक्ष, मंत्रालयं, बँका, बंदर, विमानतळ सगळं कोटोनूत. तुमचं काम कोटोनूतच असणार.

जमीन कशी आहे? आपल्या कोकणासारखी?

डोंगर मनातून काढून टाका. किनाऱ्यालगत वाळूचा लांबच लांब बांध, त्याच्या मागे खाजणं आणि सरोवरं. कोटोनू शहर या बांधावरच वसलंय, म्हणून पावसाळ्यात अर्धं शहर पाण्यात. शहरामागच्या नोकुए सरोवरात गानव्हिए नावाचं गाव आहे. हजारो माणसं, आणि सगळी घरं पाण्यात रोवलेल्या खांबांवर. गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून वाचण्यासाठी पूर्वजांनी पाण्याचा आसरा घेतला, असं तिथले लोक सांगतात. भाजीपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत सगळं होडीतून विकायला येतं.

त्याच्या उत्तरेला तांबड्या मातीचं पठार लागतं. इथे मात्र कोकणच्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. मग मधला सपाट, विरळ झाडीचा पट्टा. वायव्येला आटाकोराच्या टेकड्या आहेत, पण देशातलं सर्वांत उंच ठिकाणही ६५८ मीटरच. आंबोली त्याहून उंच आहे. ईशान्येच्या टोकाला नायजर नदी, ती पलीकडच्या नायजर देशाची हद्द.

पावसाचंही वेगळं आहे. दक्षिणेत दोन पावसाळे, एप्रिल ते जुलै मोठा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास धाकटा. उत्तरेत एकच. गिनीच्या किनाऱ्यावरचं घनदाट जंगल घानापर्यंत येतं, मग टोगो-बेनिनपाशी तुटतं आणि नायजेरियात पुन्हा सुरू होतं. भूगोलवाले या खिंडाराला 'डाहोमेची फट' म्हणतात. म्हणून इथे पाम आहे, मका आहे, पण कोटोनूभोवती घनदाट अरण्य शोधू नका. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारातून हरमत्तान नावाचा कोरडा वारा येतो. ओठ फुटतात, आकाश धुळीनं पांढरं पडतं, आणि काजूवाले खूश होतात, कारण मोहोराच्या दिवसांत कोरडी हवा हवीच असते.

हा देश पोट कशावर भरतो?

एका वाक्यात सांगायचं तर शेतीवर आणि शेजाऱ्यावर.

शेतीत कापूस आणि काजू, घरच्या खाण्याला मका आणि कसावा, याम ही कंदं. पण राष्ट्रीय उत्पन्नाचा मोठा वाटा व्यापार-वाहतुकीचा, आणि तो व्यापार बव्हंशी दुसऱ्यांसाठी केलेला. शेजारचा नायजेरिया वीस कोटींहून मोठा. नायजर आणि बुर्किना फासोला समुद्रच नाही. यांच्यामध्ये बेनिन म्हणजे वाड्याच्या दिंडी दरवाजाशी दुकान टाकून बसलेला माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून त्याचं चालतं, आणि वाड्यातल्यांनी दार लावलं की त्याची चूल थंड.

दार लावलं म्हणजे? असं कधी झालंय?

ऑगस्ट २०१९. नायजेरियानं तस्करी थांबवायची म्हणून जमिनीवरच्या सगळ्या सीमा बंद केल्या, त्या डिसेंबर २०२० मध्ये उघडायला लागल्या. सव्वा वर्ष! मालानं भरलेले ट्रक हद्दीवर उभेच्या उभे राहिले, टोमॅटो-अननस गाडीतच सडले.

हे समजायला तांदळाचं उदाहरण घ्या. भारताच्या बिगर-बासमती तांदळाच्या मोठ्या गिऱ्हाईकांत बेनिन वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकात आहे. इतका तांदूळ हे लोक खातात कुठे? खात नाहीत. नायजेरियानं जमिनीमार्गे तांदूळ आणायला बंदी घातलेली आहे आणि बंदरातून आणायचा तर कर जबर. म्हणून काकिनाड्याहून आलेला उकडा तांदूळ कोटोनूला उतरतो आणि तिथून मोटरसायकलवर, होडीतून, ट्रकच्या पोटातून पूर्वेकडे सरकतो. आपल्याकडे उकडा तांदूळ म्हटलं की पेज आठवते, तिकडे हिशेबाची वही. २०२३ मध्ये भारतानं उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात कर लावला (तो पुढच्या वर्षी काढला), तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी मला दिल्लीच्या राजकारणाबद्दल विचारून हैराण केलं होतं.

जुन्या मोटारींचंही तसंच. युरोप-अमेरिकेत वापरून झालेल्या गाड्या कोटोनूच्या बंदरात उतरतात. शहराबाहेर मैदानंच्या मैदानं या गाड्यांनी भरलेली असतात. नायजेरियानं नियम आवळले की मैदानं सुनी पडतात.

आणि रस्त्यावर बाटल्यांतून विकतात ते पेट्रोल?

ती उलटी गंगा. नायजेरियात पेट्रोलला सरकारी अनुदान होतं, म्हणून तिथलं स्वस्त पेट्रोल चोरवाटेनं बेनिनमध्ये यायचं. त्याला 'क्पायो' म्हणतात. रस्त्याकडेला लाकडी फळीवर मोठाल्या गोल काचेच्या बरण्या मांडलेल्या, आत केशरी-पिवळं पेट्रोल, शेजारी फडकं लावलेलं नरसाळं. प्रथम पाहिलं तेव्हा मला ते कोकम सरबतवाल्याचं दुकान वाटलं होतं. पंप ओस आणि बरण्यांपुढे रांग, अशी स्थिती कित्येक वर्षं होती. मे २०२३ च्या अखेरीस नायजेरियात नवे अध्यक्ष बोला टिनुबू यांनी अनुदान काढलं आणि क्पायोचे भाव रातोरात चढले. धंदा बसला, पण संपला नाही. त्याच सप्टेंबरात हद्दीजवळ असल्याच एका साठ्याला आग लागून तीसहून अधिक माणसं गेली. हे पेट्रोल गाडीत घालू नका, आणि त्या बरण्यांजवळ उभं राहून विडी ओढू नका हे वेगळं सांगायला नको.

कोटोनू बंदर कसं आहे?

वाळूचा सरळ किनारा, नैसर्गिक आडोसा शून्य. पूर्वी जहाजं बाहेर नांगरून उभी राहत आणि समुद्रात घुसलेल्या लोखंडी धक्क्यावर होड्यांनी माल येई. आजचं खोल पाण्याचं बंदर १९६५ चं. वाळूला आडवा बांध घातला की एका बाजूला पुळण साचते आणि दुसरी बाजू समुद्र खातो. तसंच झालं. शहराच्या पूर्वेची घरं, रस्ते लाटांनी गिळले, आता तिथे दगडी बांध घालून किनारा धरून ठेवलाय.

२०१८ पासून बंदराचं व्यवस्थापन अँटवर्पच्या बंदर कंपनीकडे दिलं आहे. कामात पूर्वीपेक्षा शिस्त आली. तरी कागदांना वेळ लागतो, आणि सगळे कागद फ्रेंचमध्ये. आमचा एक कंटेनर वजनाच्या दाखल्यातल्या एका आकड्यासाठी नऊ दिवस अडकला होता. चूक आमच्याच कारकुनाची.

नायजरची तेलवाहिनी म्हणतात ती काय भानगड आहे?

नायजरच्या आगादेम भागातलं तेल बेनिनच्या सेमे किनाऱ्यापर्यंत आणणारी सुमारे १,९५० किलोमीटरची वाहिनी चिनी सरकारी तेल कंपनीनं टाकली. वाहिनी होत आली आणि २६ जुलै २०२३ ला नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या संघटनेनं निर्बंध घातले, बेनिननं हद्द बंद केली. निर्बंध उठल्यावर बेनिननं आपली बाजू उघडली, पण नायजरनं आपली उघडली नाही. मग मे २०२४ मध्ये बेनिननं हिसका दाखवला : हद्द उघडत नसाल तर तुमचं तेल आमच्या किनाऱ्यावरून जहाजात चढणार नाही. चीननं मध्ये पडून पहिलं जहाज भरून घेतलं. एरवी नायजरचा माल कोटोनूतून हद्दीवरच्या मालानव्हिल गावच्या पुलावरून जायचा. त्या रस्त्यावरच्या हमालांनी, खानावळवाल्यांनी आणि ट्रकवाल्यांनी या भांडणात जे सोसलं ते कुठल्या आकडेवारीत येत नाही.

रस्ते आणि रेल्वे?

दोन रस्ते लक्षात ठेवले की पुरे. एक किनाऱ्याचा, टोगोच्या हद्दीपासून नायजेरियाच्या हद्दीपर्यंत. आबिजान ते लागोस या मोठ्या वाटेचा हा तुकडा. दुसरा कोटोनूहून उत्तरेला पाराकू आणि पुढे मालानव्हिलपर्यंत. मुख्य रस्ते चांगले आहेत. आतल्या वाटा तांबड्या मातीच्या, पावसात ट्रक रुतला की तिथेच मुक्काम.

रेल्वे फ्रेंचांच्या काळातली, कोटोनू ते पाराकू ४३८ किलोमीटर, मीटरगेज. पुढे नायजरला न्यायचं स्वप्न तेव्हापासूनच आहे. मधल्या काळात एका फ्रेंच उद्योगसमूहानं काम हाती घेतलं, मग कोर्टकचेऱ्या झाल्या. आज रुळांवर गवत आणि शेळ्या आहेत.

शहरात फिरायचं कसं?

झेमिजान. मोटरसायकल टॅक्सी. 'फोन' नावाच्या तिथल्या भाषेत अर्थ 'मला झटकन घेऊन चल'. कोटोनूत चालकाच्या अंगात पिवळा सदरा असतो. गाड्या बऱ्याचशा चिनी, पण आपली बजाजही दिसते आणि उगाच बरं वाटतं. भाडं बसण्याआधी ठरवा.

वीज, इंटरनेट?

वीज पूर्वी जवळजवळ सगळी नायजेरिया-घानाकडून विकत. टोगोच्या जोडीनं मोनो नदीवर नांगबेतोचं धरण बांधलं, ६५ मेगावॉट, १९८७. २०१९ मध्ये कोटोनूजवळ मारिया-ग्लेता इथे १२७ मेगावॉटचं स्वतःचं केंद्र आलं, २०२२ मध्ये पोबेजवळ २५ मेगावॉटचा सौर प्रकल्प. शहरात पूर्वीसारखं दिवसदिवस अंधारात बसावं लागत नाही. खेड्यात अजून दिव्याखालीच हिशेब. इंटरनेट समुद्राखालच्या केबलींवर आहे. मार्च २०२४ मध्ये आबिजानजवळ केबली तुटल्या तेव्हा इथेही बोंब झाली. पैसे मात्र लोक सर्रास मोबाइलवरून पाठवतात.

चलन कोणतं?

पश्चिम आफ्रिकी सीएफए फ्रँक, आठ देशांचं सामाईक. १ युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक, हा दर बांधलेला. त्यामुळे महागाई आटोक्यात राहते. दुसरी बाजू अशी की नायजेरियाचं चलन नायरा घसरलं की नायजेरियन गिऱ्हाइकाला बेनिनचा माल महाग पडतो आणि बेनिनला दर हलवून सावरता येत नाही. १९९४ मध्ये फ्रँकची किंमत एका दिवसात निम्मी केली होती, म्हातारे व्यापारी अजून त्याबद्दल बोलतात.

कापसात बेनिन खरंच आफ्रिकेत पहिला?

गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा. माली आणि बेनिन यांची चढाओढ असते. चांगल्या हंगामात ७ लाख टनांच्या वर सरकीसकट कापूस निघतो, मुख्यतः उत्तरेत, बानीकोआरा भागात. सगळा कोरडवाहू. बियाणं-खतं उधारीवर, कापूस ठरल्या भावानं जिनिंगला, उधारी वजा करून पैसे. विदर्भातल्या शेतकऱ्याला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. पण तिथे हंगामाआधी जाहीर झालेल्या भावानंच खरेदी होते, एवढा फरक. २०१६ साली राष्ट्राध्यक्ष झालेले आणि २०२१ मध्ये पुन्हा निवडून आलेले पात्रिस तालों हे स्वतः कापसाच्या धंद्यातून श्रीमंत झालेले. देश चालवतानाही त्यांची नजर व्यापाऱ्याचीच, असं तिथले विरोधक टोचून म्हणतात आणि समर्थक कौतुकानं.

काजूचं काय? आम्हाला तिथून बी मिळेल का?

हा प्रश्न वेंगुर्ला, चंदगड, आजऱ्याकडून सगळ्यात जास्त येतो. आपल्या कारखान्यांची भूक आपल्या बागांपेक्षा मोठी, म्हणून आफ्रिकेची बी लागते. बेनिनची बी चांगल्या उताऱ्याची, म्हणजे गर जास्त निघणारी, म्हणून नावाजलेली. फेब्रुवारी ते मे हंगाम, पाराकूपासून खाली मधल्या टेकड्यांच्या भागापर्यंत.

खरेदी कशी व्हायची ते सांगतो. गोदामात शंभर पोत्यांतून मूठमूठ बी काढायची, एक किलो मोजायची, नग मोजायचे. १९० भरले तर दाणा मोठा, २१० च्या पुढे गेले तर तोंड वाकडं करायचं. मग एकेक बी अडकित्त्यासारख्या सुरीनं उभी कापायची. चांगला गर एकीकडे, डागी दुसरीकडे, सडका-पोकळ तिसरीकडे. डागी अर्धा धरायचा. किलोमागे २७२ ग्रॅम गर आला म्हणजे ८० किलोच्या पोत्याला ४८ पाउंड उतारा, माल उचला. ४४ आला की भाव तोडायचा. समोरचा व्यापारी त्या सुरीकडे असा बघत असतो जसा आपला निकाल लागतोय. कापणारी पोरं इतकी तरबेज की हातातल्या वजनावरूनच पोकळ बी बाजूला फेकतात. बोटं मात्र टरफलाच्या चिकानं काळी पडलेली, ती खूण दोन्हीकडे सारखीच.

आता मुख्य मुद्दा. १ एप्रिल २०२४ पासून बेनिननं कच्ची काजू बी बाहेर पाठवायला बंदी केली, सोयाबीनलाही. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : बी नाही, काजूगर मिळेल.

बंदी कशासाठी?

कोटोनूपासून सुमारे ४५ किलोमीटरवर ग्लो-जिग्बे इथे १,६४० हेक्टरची औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. काजू तिथे फोडायचा, कापसाचं सूत आणि कपडे तिथेच करायचे, हा बेत. वर्षानुवर्षं बी बोटीत चढवून भारत-व्हिएतनामला पाठवली, सोललेल्या गराचा नफा तिकडे राहिला. दाराशी बसून दुसऱ्याचा माल पुढे सरकवणाऱ्यानं स्वतःचा माल घडवायला घेतला, एवढंच. कोकणातल्या कारखानदारांना हे झोंबलं, पण मला त्यात खोट दिसत नाही. आपणही कच्चा काजू विकून बसलो नव्हतो.

अडचणी आहेत. कारखान्यांची पोटं भरेपर्यंत शेतकऱ्याला गिऱ्हाइकं कमी, म्हणून भाव पडण्याची भीती. टोगोत जास्त भाव असला की पोती रात्रीतून कुठल्या दिशेला जातात हे कुणी सांगायला नको. आणि बोंडं अजून बहुतेक झाडाखाली कुजतात. काजूचं बोंड आणि दूध पोटात एकत्र गेलं तर माणूस दगावतो, असा तिकडे पक्का समज. आमच्या गोव्याच्या मित्रानं हुर्राक म्हणजे बोंडांच्या रसाची दारू काय असते ते समजावलं तेव्हा पाराकूच्या आजीबाई अविश्वासानं हसत होत्या. ताडीपासून ते लोक 'सोडाबी' नावाची दारू गाळतात, भट्टीची रीत पाहून मित्र म्हणाला, हे तर आमचंच.

काजू सोडून भारतात काय येतं?

कापूस आणि सागवान. हो, सागवान, फ्रेंचांच्या काळापासून लागवडी आहेत.

सुरक्षित आहे का?

कोटोनू, उइदा, आबोमे, पाराकू इथे मला कधी भीती वाटली नाही. उत्तरेची टोकं, म्हणजे बुर्किना फासो-नायजरच्या हद्दीवरचा भाग आणि पेंजारी अभयारण्य, टाळा. २०२१ च्या अखेरीपासून तिथे जिहादी टोळ्यांचे हल्ले वाढले आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये काही सैनिकांनी टीव्हीवरून सत्ता घेतल्याचं जाहीर केलं, पण बंड काही तासांतच फसलं, आणि मदतीला नायजेरियाची विमानं धावली. पुन्हा शेजारीच.

जायला काय लागतं?

व्हिसा ऑनलाइन मिळतो. मुंबईहून थेट विमान नाही, अदिस अबाबा किंवा पॅरिस करून जावं लागतं. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टलाच टाचून ठेवा. ते तिकडे उतरताना लागतं, आणि परत येताना नसेल तर मुंबईत तुम्हाला वेगळं काढून ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. थोडं फ्रेंच शिका. इंग्रजीवर निभत नाही. घड्याळ साडेचार तास मागे.

शाकाहारी माणसाचं कसं?

हाल. तळलेला याम, केळी, घेवड्याची उसळ, गारी म्हणजे कसाव्याचा भाजका रवा आणि फळं. सोबत चटणी, मेतकूट न्या.

येताना काय आणू?

अननस आणता आला असता तर तोच सांगितला असता. आलाडाच्या पठारावरचा साखरी अननस पिकल्यावरही हिरवाच राहतो, आतून पांढरा, आंबटपणा नावाला नाही. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी पहिल्यांदा कच्चा समजून परत केला होता. विकणाऱ्या बाईनं काही न बोलता सुरी चालवली आणि फोड हातावर ठेवली. फळं विमानातून आणायला क्वारंटाइनची परवानगी लागते, तेव्हा जितके खाता येतील तितके तिथेच खा.